विमानाच्या पॉइंट्सची खरी किंमत कशी काढावी

क्रेडिट कार्डाच्या ॲपमध्ये खरेदीवर मिळालेले 9,000 पॉइंट्स दिसले, तरी ते किती रुपयांचे हे तिथे कळत नाही. पॉइंटची किंमत तुम्ही तो कशावर खर्च करता त्यावर ठरते. गिफ्ट व्हाउचर घेतलं तर वीस-पंचवीस पैसे, विमानाचं तिकीट काढलं तर कधी साठ पैसे. कोल्हापूरकरांनी हा हिशेब उंबऱ्यापासून मांडायला हवा, कारण हवं ते प्रत्येक विमान काही कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून सुटत नाही.

पायरी 1: एकाच विमानाचे दोन भाव काढा

तारीख आणि विमान तेच ठेवून रोख भाडं किती आणि पॉइंट्स किती लागतात ते लिहून घ्या. रोख भाव विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा धरा. बँकेच्या पोर्टलवर तेच तिकीट महाग असेल, तर पॉइंटची किंमत फुगलेली दिसते. दोन्हीकडे सामानाचे किलो आणि रद्द करण्याचे नियम सारखे आहेत ना, तेही पाहा.

आता रोख भाड्यातून, पॉइंट्स वापरूनही खिशातून भरावे लागणारे कर आणि शुल्क वजा करा. उरलेल्या रकमेला पॉइंट्सच्या संख्येने भागा. समजा, मुंबई–दिल्लीचं भाडं 6,800 रुपये आहे; पॉइंट्सवर तेच तिकीट 9,000 पॉइंट्स आणि 900 रुपये करात मिळतं. 5,900 भागिले 9,000, म्हणजे साधारण 66 पैसे. (इथले सगळे आकडे हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत.)

पायरी 2: कोल्हापूर ते मुंबई विसरू नका

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. पॉइंट्सचं तिकीट मुंबईहून असेल, तर महालक्ष्मी एक्स्प्रेस, तिथून विमानतळापर्यंतची टॅक्सी आणि वाटेतलं खाणं असे समजा 1,900 रुपये जातील. रोख पैसे देऊन तुम्ही कोल्हापूरहूनच, मध्ये विमान बदलून, 7,500 रुपयांत दिल्लीला गेला असता. मग तुलना या 7,500 रुपयांशी करायची. त्यातून 900 आणि 1,900 वजा केले की उरतात 4,700. पॉइंटची किंमत 52 पैशांवर आली.

पैशापलीकडे एक जोखीमही आहे. रेल्वे आणि विमान ही वेगवेगळी तिकिटं. गाडीला उशीर होऊन विमान चुकलं, तर विमान कंपनी ते तुमचंच चुकलं असं धरते. गाडी पोहोचण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांत किमान पाच-सहा तास ठेवा, नाहीतर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

पायरी 3: शंभर रुपयांमागे काय मिळतं ते पाहा

कार्ड 100 रुपयांना 2 पॉइंट्स देत असेल, तर 52 पैशांच्या हिशेबाने परतावा 1 रुपया 4 पैसे. वार्षिक शुल्क 1,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 1,180 रुपये असेल, तर नुसतं ते वसूल व्हायलाच सुमारे 1 लाख 13 हजारांची खरेदी लागते. बिनशुल्क कार्डावर सरळ 1 टक्का कॅशबॅक मिळत असेल, तर एवढ्या कमी परताव्यासाठी पॉइंट्सच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पेट्रोल, घरभाडं, वॉलेट भरणं यांवर अनेक कार्डं पॉइंट्सच देत नाहीत. दुकानदार "कार्डावर दोन टक्के जास्त पडतील" म्हणाला की यूपीआय किंवा रोख द्या. एका टक्क्यासाठी दोन टक्के कशाला मोजायचे?

थकबाकी तर सगळ्यात घातक. 20,000 रुपयांवर महिन्याला 3.5 टक्के व्याज म्हणजे 700 रुपये, वर जीएसटी 126. त्या खरेदीचे पॉइंट्स 400, किंमत 208 रुपये. पूर्ण बिल वेळेवर भरणं जमत नसेल, तर पॉइंट्सचा विचारच करू नये.

पायरी 4: माइल्समध्ये वळवताना

बँकेचे 2 पॉइंट्स देऊन 1 माइल (म्हणजे विमान कंपनीचा स्वतःचा पॉइंट) मिळत असेल आणि माइल 60 पैशांचा असेल, तर बँकेचा पॉइंट 30 पैशांचाच. वळवलेले पॉइंट्स सहसा परत येत नाहीत आणि जमा व्हायला काही दिवसही लागू शकतात. म्हणून आधी हव्या त्या विमानात पॉइंट्सवर मिळणारी जागा उपलब्ध आहे का पाहा, मगच वळवा. माइल्स खात्यावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतं का, हेही आधीच तपासा. अशा किरकोळ फरकानेही पॉइंट्स अडकतात.

काही बँका पॉइंट्स वापरण्याचंही शुल्क घेतात. 99 रुपये आणि जीएसटी म्हणजे जवळपास 117. पंचवीस पैशांचे 2,000 पॉइंट्स 500 रुपयांचे. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा शुल्कातच गेला. असे पॉइंट्स थोडे-थोडे वापरण्याऐवजी एकदाच मोठ्या रकमेला वापरा.

पायरी 5: साठवून ठेवू नका

पॉइंट्सवर व्याज मिळत नाही, उलट तिकिटाला लागणारे पॉइंट्स कंपनी केव्हाही वाढवू शकते. मुदत संपण्याची तारीख स्टेटमेंटवर शोधा आणि मोबाइलमध्ये दोन महिने आधीची आठवण लावा. तोवर प्रवास ठरला नाही, तर स्टेटमेंटमधली रक्कम कमी करून घेण्याचा पर्याय पाहा. दर कमी असतो, पण पॉइंट्स बुडण्यापेक्षा ते बरं.