रेडिंगला नवीन आलात? टाऊन हॉलचा जिना चढा

आधी एक सांगतो, इंग्लंडमधल्या या गावाचं नाव Reading असं लिहितात, पण 'रीडिंग' म्हणू नका. रेडिंग. मला हे समजायला दोन आठवडे लागले, आणि तोवर लोक सभ्यपणे ऐकून घेत होते.

बँकेचं खातं, जीपीकडे (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी, काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), मेथीची जुडी कुठे मिळते, हे सगळं तुम्हाला एव्हाना दहा जणांनी सांगितलं असेल. म्हणून मी ते सोडून देतो. पहिल्या महिन्यातला एक शनिवार काढा आणि स्टेशनपासून पाच मिनिटांवर टाऊन हॉलमध्ये रेडिंग म्युझियम आहे, तिथे जा. तिकीट नाही. हिवाळ्यात घरचं हीटिंग बंद ठेवून दोन तास उबेत काढता येतात, हा आपला मध्यमवर्गीय फायदा वेगळाच.

आयटीतले असाल तर ओरॅकल म्हटल्यावर डेटाबेस आठवेल. रेडिंगकरासाठी ओरॅकल म्हणजे केनेट नदीकाठचा मॉल. म्युझियममध्ये मात्र खऱ्या ओरॅकलचा जुना लाकडी दरवाजा आहे. जॉन केंड्रिक नावाचा इथला कापडव्यापारी १६२४ साली वारला. त्याने मागे ठेवलेल्या पैशांतून गावातल्या बेकार कापडकामगारांना काम देण्यासाठी एक मोठी वास्तू उभी राहिली, तीच ओरॅकल. मॉलने नाव उचललं ते तिचं. आणि हो, आपल्याकडचे आईबाप ज्या केंड्रिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुलींना चौथीपासून क्लास लावतात, ते केंड्रिकही हेच. गॉसिप म्हणून का होईना, पण शाळेच्या गेटवर हे माहीत असलेलं बरं.

पुढे बिस्किटांच्या डब्यांचं दालन. इथे घाई करू नका. १८२२ साली जोसेफ हंटली यांनी लंडन स्ट्रीटवर बेकरी काढली. समोरच्या खानावळीपाशी लंडन-बाथ रस्त्यावरच्या घोडागाड्या थांबायच्या, तर एक पोरगा टोपली घेऊन प्रवाशांना बिस्किटं विकायला जाई. आपल्या एसटी स्टँडवर शेंगदाणेवाला खिडकीशी येतो, तसंच. प्रवासात बिस्किटं तुटतात, म्हणून ती पत्र्याच्या डब्यात भरू लागले, आणि ते डबे करायला हंटलींचाच एक मुलगा पुढे आला. १८४१ मध्ये जॉर्ज पामर भागीदार झाले, किंग्ज रोडवर कारखाना उभा राहिला, आणि १९०० च्या सुमारास तिथे पाच हजारांहून जास्त माणसं राबत होती. पुस्तकांच्या चळतीसारखे दिसणारे डबे बघा, खरी पुस्तकंच वाटतात. हा माल जगभर जायचा. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतही हीच बिस्किटं होती. रेडिंगमधलं उत्पादन १९७६ मध्ये थांबलं.

याचा नव्या माणसाला उपयोग काय? माझ्या शेजारच्या आजी पहिली तीन वर्षं माझ्याशी फक्त हवामानावर बोलल्या. एकदा मी डब्यांचा विषय काढला, तर त्यांची आई त्याच कारखान्यात पॅकिंगला होती असं निघालं. तासभर चहा झाला. त्यांच्या घरात तसला एक डबा अजून आहे, आत सुईदोरा. माझ्या आजीच्या डब्यातही तेच असायचं.

वरच्या मजल्यावर बायू टॅपेस्ट्रीची, म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्याची गोष्ट सांगणाऱ्या जुन्या भरतकामाची, नक्कल आहे, सुमारे ७० मीटर लांब. मुलांना शाळेत ती लढाई शिकवतात, तेव्हा आधीच दाखवून ठेवा. १८८५-८६ मध्ये इंग्लंडमधल्याच लीक गावातल्या पस्तीसेक बायकांनी ती भरली आणि प्रत्येकीने आपल्या तुकड्याखाली स्वतःचं नाव टाकलं. मूळ कापडावरचे काही नागडे पुरुष इथे चड्डी घालून उभे आहेत. ज्या छायाचित्रांवरून नक्कल केली, त्यांतच कुणीतरी त्यांची अब्रू झाकली होती. या बायकांचं नेतृत्व करणाऱ्या एलिझाबेथ वॉर्डल यांचे पती थॉमस रंगारी होते, लोकर त्यांनी रंगवली. हाच माणूस टसर रेशमाचा मोठा जाणकार, त्यासाठी भारतात जाऊन आलेला. मी टसरसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याचा, त्यामुळे टसर हा शब्द इथे भेटल्यावर जरा थबकलोच.

जवळच्या सिल्चेस्टर या जुन्या रोमन गावात सापडलेल्या वस्तूंमधला ब्राँझचा गरुड प्रसिद्ध आहे, पण मला आवडतात ते तिथले कौलांचे आणि फरशांचे तुकडे. ओली माती वाळत असताना जनावरं त्यावरून चालत गेली, ते ठसे तसेच भाजले गेलेत. लहान मुलांना हे लगेच कळतं.

बाहेर पडलात की फोर्बरी बागेत जा, डबा तिथेच खा. मधोमध जो सिंहाचा प्रचंड पुतळा आहे, तो २७ जुलै १८८० च्या, अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईची आणि त्या अफगाण मोहिमेची आठवण. चौथऱ्यावर बर्कशायरच्या ६६ व्या पलटणीच्या ३२९ मृतांची नोंद आहे. सिंहाची चाल चुकली म्हणून शिल्पकाराने जीव दिला, अशी गोष्ट कुणीतरी तुम्हाला सांगेलच. तो जॉर्ज ब्लॅकॉल सिमंड्स १९२९ पर्यंत मजेत जगला. त्या दिवशी मैवंदला इंग्रजांच्या मुंबई सैन्याच्या दोन हिंदी पायदळ पलटणीही लढल्या, बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स. त्यांचेही शेकडो शिपाई पडले. त्यांची नावं या दगडावर नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळी नावं वाचत एखादं ओळखीचं आडनाव शोधत बसलो होतो.

सोमवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं.