एमआरआय-सीटीची सीडी दुसऱ्या डॉक्टरला पाठवायची, पण कुलूप लावून

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत एमआरआय नाहीतर सीटी काढला की फिल्मसोबत सीडी हातात येते, मग मुंबई-हैदराबादच्या डॉक्टरचं ओपिनियन पाहिजे म्हणून घरचे घाईघाईत ती सायबर कॅफेत नेऊन तशीच मेल करून टाकतात. असं नका करू बाप्पा. त्यातल्या डायकॉम फाइलमध्ये (स्कॅनच्या इमेज याच फॉरमॅटमध्ये असतात) नुसता फोटो नसतो, पेशंटचं नाव, जन्मतारीख, पेशंट आयडी, तपासणीची तारीख सगळं आत लिहिलेलं असतं, आणि फुकटच्या व्ह्यूअरमध्येही ते कोणालाही दिसतं.

आधी पूर्ण सीडी आपल्याच कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा. डायकॉमडीआयआर नावाची फाइल बिनकामाची वाटते, पण तीही घ्या, कोणती इमेज कोणत्या सिरीजची ही यादी तिच्यातच असते. फोल्डरला पेशंटचं नाव देऊ नका.

मग कॉम्प्युटरवर सेव्हन-झिप टाका, फोल्डरची एक फाइल करून तिला पासवर्ड लावणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फोल्डरवर राइट क्लिक, सेव्हन-झिप, ॲड टू आर्काइव्ह. फॉरमॅट सेव्हन-झेड ठेवा, पासवर्ड दोनदा टाका आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर टिक कराच, नाहीतर फाइल उघडली नाही तरी आतल्या फोल्डरची नावं वाचता येतात, आणि तिथे पेशंटचं नाव असू शकतं. यात एईएस-२५६ एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणारं कुलूप लागतं, ते एकदम भक्कम आहे (एईएसला अमेरिकेने २००१ मध्ये सरकारी स्टँडर्ड केलं), कच्चा राहतो तो आपला पासवर्ड. मोबाइल नंबर, जन्मतारीख नको, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. विसरले तर फाइल उघडणार नाही, म्हणून मूळ सीडी जपून ठेवा.

फाइल मेलने गेली तर पासवर्ड फोन करून सांगा, त्याच मेलमध्ये लिहिला तर सगळी मेहनत वाया. डॉक्टरच्या असिस्टंटलाही आधीच विचारून घ्या की त्यांच्याकडे सेव्हन-झेड उघडतं का.

व्हॉट्सॲपवर फाइल वाटेत सुरक्षित असते, पण समोरच्याच्या फोनमध्ये उघडीच पडून राहते, आणि बॅकअपचं एन्क्रिप्शन चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळं चालू करावं लागतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर फिल्मचा फोटो टाकायचाच असेल तर कोपऱ्यातलं नाव आणि नंबर क्रॉप करून मगच टाका. सोनोग्राफीत तर नाव बहुतेक वेळा इमेजवरच छापलेलं असतं, तिथे जास्त बघून घ्या.