थर्मामीटर 99 दाखवतोय? ताप ठरवण्याआधी या चुका टाळा

मुलगा संध्याकाळी खेळून घरी येतो, अंग जरा गरम लागतं. थर्मामीटर लावला तर 99.2. "नव्व्याण्णव ताप आहे" म्हणत लगेच पॅरासिटामॉलची बाटली निघते. आमच्या घरी हे कितीदा तरी झालंय. आणि याच घरात सासूबाईंचा आकडा सकाळी 99 आला, तेव्हा "कसर आहे जराशी" म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो आणि त्यांना न्यूमोनिया निघाला. दोन्ही वेळा आम्ही आकडा तेवढा पाहिला. तो कोणाचा, किती वाजताचा आणि कुठे मोजलेला, हे पाहिलंच नाही.

98.6 ला लक्ष्मणरेषा मानणं

हा आकडा जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांच्याकडून आपल्याकडे आला. सुमारे 25,000 रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून घेतलेल्या नोंदींवरून त्यांनी 1868 साली 37 अंश सेल्सिअस ही सरासरी मांडली. दिवसभरात तापमान वरखाली होतं, हेही त्यांनी नोंदवलं होतं, पण लोकांच्या लक्षात सरासरीच राहिली. त्यात 37 या ढोबळ आकड्याचे फॅरनहाइटमध्ये 98.6 झाले आणि त्या दशांशामुळे तो फार काटेकोर वाटू लागला.

1992 साली अमेरिकेत मेरीलँडच्या संशोधकांनी 148 निरोगी तरुण माणसांच्या तोंडातलं तापमान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजलं. 700 नोंदींची सरासरी निघाली 98.2, आणि बरोब्बर 98.6 आले फक्त 56 वेळा. माझ्या मते या अभ्यासातला खरा उपयोगाचा भाग पुढे आहे. निरोगी माणसाची वरची मर्यादा सकाळी 6 वाजता 98.9 होती, तर दुपारी 4 वाजता 99.9. म्हणजे खेळून आलेल्या मुलाचे संध्याकाळचे 99.2 अगदी सहज चालून जातात, पण पहाटे उठल्या उठल्या 99.4 आले तर लक्ष ठेवायला हवं.

बहुतेक डॉक्टर 100.4, म्हणजे 38 अंश सेल्सिअसपासून पुढे ताप धरतात. त्याच्या अलीकडची कणकण असेल तर आराम करा, भरपूर पाणी प्या आणि चार तासांनी पुन्हा मोजा.

वेळ न लिहिणं

शरीर पहाटे सगळ्यात गार असतं आणि दुपारनंतर, 4 ते 6 च्या सुमारास सगळ्यात गरम. फरक साधारण एक अंश फॅरनहाइटचा. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात बायकांचं तापमान आणखी अर्धा ते एक अंश चढतं. हे माहीत नसल्यामुळे "मला रोज संध्याकाळी बारीक ताप असतो" म्हणून कितीतरी जणी उगाच काळजीत असतात.

पण हा संध्याकाळचा ताप हसण्यावारीही नेऊ नका, कारण क्षयरोगात अशीच कसर येते. सलग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा. सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणं किंवा रात्री घाम असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथे थुंकीची तपासणी मोफत होते.

चहा पिऊन थर्मामीटर तोंडात धरणं

गरम चहा, गार पाणी किंवा आइस्क्रीम यांनंतर किमान अर्धा तास थांबा. थर्मामीटर जिभेखाली ठेवून ओठ मिटायचे. काखेत लावायचा तर आधी घाम पुसा आणि दंड अंगाला घट्ट चिकटवून ठेवा. काखेतला आकडा तोंडापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतो, म्हणून आपल्याकडे "एक मिळवून सांगा" अशी पद्धत आहे. ती सोडा. एकाने घरी मिळवलेला एक अंश दवाखान्यात दुसरा पुन्हा मिळवतो. "काखेत 99.8, रात्री 9 वाजता" एवढंच डॉक्टरांना सांगा. कपाळासमोर धरायचं यंत्र उन्हातून आलेल्या किंवा घामेजलेल्या माणसावर हमखास चुकतं.

सगळ्या वयांना एकच माप लावणं

म्हाताऱ्या माणसांचं मूळ तापमान बऱ्याचदा कमी असतं आणि मोठ्या संसर्गातही ते फारसं चढत नाही. सासूबाईंचं एरवी 97 च्या आसपास असायचं, म्हणजे 99 हा त्यांच्यासाठी दोन अंशांचा चढ होता. आम्हाला ते मूळच माहीत नव्हतं. घरातल्या ज्येष्ठांचं तापमान ते ठणठणीत असताना दोन-तीन दिवस मोजून वहीत लिहून ठेवा. आकडा साधा असूनही ते अचानक गोंधळले, जेवेनासे झाले किंवा धाप लागली, तर थांबू नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा जास्त आलं, तर घरी औषध न देता त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. मात्र बाळ दुपटी-टोपडी-स्वेटरमध्ये गुंडाळलेलं असेल तर एक थर काढून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. त्यानंतरही आकडा तोच आला तर निघा.

हुडहुडी भरली म्हणून गोधड्या, ताप चढला म्हणून बर्फ

तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो. तिथवर पोहोचेपर्यंत थंडी वाजते, हातपाय गार पडतात. तेव्हा एक पांघरूण पुरे, आणि थंडी थांबली की तेही काढा. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्यांनी माणूस पुन्हा कुडकुडतो आणि त्यातून उष्णताच वाढते. पट्ट्या ठेवायच्याच तर साध्या किंवा कोमट पाण्याच्या.

उष्माघाताचं मात्र उलट आहे. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस 104 ला पोहोचून असंबद्ध बोलू लागला, तर तिथे पॅरासिटामॉल काही करत नाही. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा.

आकड्याला औषध देणं

पॅरासिटामॉल तापाने बेजार झालेल्या माणसाला आराम पडावा म्हणून असतं. मूल 101 ला खेळत असेल, पाणी पीत असेल, तर घाई नको. द्यायचं तर वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते वाचा, नाहीतर नकळत दुप्पट डोस जातो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत धोक्याचे दिवस बहुधा ताप उतरताना सुरू होतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. थर्मामीटर 98 दाखवतोय, पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय किंवा रोगी गळून झोपूनच राहतोय, तर लगेच रुग्णालयात न्या.