पार्टी ऐकत नाही? डीएमने आधी या चुका टाळाव्यात

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ. डीएम (डंजन मास्टर) त्यातलं जग रचतो आणि पंच असतो, बाकीचे एकेक पात्र होतात, आणि त्या पात्रांची टोळी म्हणजे पार्टी. अशाच एका खेळासाठी तीन रविवार खपून मी एक बंदर रचलं होतं. वेशीवर जकात नाका, नाक्याखालून जाणारं भुयार, भुयारात दोन सापळे, एक म्हातारा पहारेकरी आणि त्याचा कुत्रा. पार्टीकडे एक कुलूपबंद पेटी होती, ती शहरात चोरून न्यायची. खेळाडूंनी नाक्यावरची रांग पाहिली, थोडा वेळ कुजबुजले, आणि आमचा रॉग (चोराचं पात्र) म्हणाला, "जकात किती आहे?"

पन्नास सोन्याची नाणी, हे मी वर्णनाच्या ओघात आधीच बोलून बसलो होतो. त्यांच्याकडे दोनशे होती. मागच्या सेशनला मीच उदार होऊन दिलेली. माझं भुयार डोळ्यांसमोर पाण्यात गेलं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "या पेटीवर पाचशे लागतील."

कुणी वाद घातला नाही. एकीने मोबाइल हातात घेतला, एवढंच. मग ते निमूट भुयारातून गेले, दोन्ही सापळे चालले, कुत्राही भुंकला, आणि टेबलावर एकालाही मजा आली नाही. मलासुद्धा.

पार्टीने माझं भुयार टाळायला पाहिलं यात नवल काही नाही, कारण हा खेळ जन्मला तोच मुळी पंचाचं न ऐकणाऱ्या खेळाडूंमुळे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेस्ली नावाच्या वॉरगेमरने (टेबलावर लढाया खेळणाऱ्याने) नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. गावाचं नाव ब्राउनश्टाइन. प्रत्येक खेळाडूला एक व्यक्ती आणि तिचा स्वतंत्र हेतू दिला. लढाई सुरू व्हायच्या आधीच खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन आपापसात कट शिजवू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारलं, ज्याचे नियमच नव्हते, ते वेस्लीला जागच्या जागी बनवावे लागले. खेळ हाताबाहेर गेला, फसला, अशी त्याची समजूत झाली. खेळाडू मात्र पुन्हा कधी म्हणून मागे लागले. त्यांतला एक डेव्ह आर्नेसन. त्याने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला. म्हणून पार्टी जेव्हा तुमच्या भुयाराकडे पाठ फिरवते, तेव्हा ती घराण्याची परंपराच चालवत असते.

उत्तर ऐकल्यावर प्रश्न बदलणं

जकात वाढवणं ही हीच चूक. रेलरोडिंग, म्हणजे खेळाडूंना आपल्याच रुळावर रेटणं, नेमकं कशाला म्हणायचं यावर लोक तासन् तास भांडतात. माझ्यापुरती ओळख सोपी आहे: खेळाडूंनी शोधलेली वाट पाहिल्यानंतर मी अडथळा उंच केला का? भिंत आधीपासून उंच असेल तर ती भिंत. शिडी आणलेली पाहून उंच झाली तर तो माझा हट्ट.

यावर माझा उपाय अगदी कारकुनी आहे. महत्त्वाचे आकडे सेशनआधी वहीत लिहून ठेवायचे. कुलपाचा डीसी (फासा आणि कौशल्य मिळून गाठायचा आकडा) १५, जकात ५०, पहारेकरी ४. लिहिलेलं खोडायला हात जरा कचरतो. आणि तयारी करताना "पार्टी असं करेल" हे वाक्य दिसलं की ते काढून "जकातदाराला काय हवंय, त्याला कशाची भीती आहे" हे लिहायचं. तो लाचखाऊ आहे हे माहीत असलं की पार्टी चोरून आली काय नि पैसे भरून आली काय, तुमच्याकडे पुढचं वाक्य तयार असतं.

"नाही" आधीच ठरलेलं असताना फासा टाकायला लावणं

बार्ड (भाटाचं पात्र) राजाला म्हणतो, "तुझं राज्य मला दे." तुम्ही हसून म्हणता, "टाक, परसुएशन." म्हणजे मन वळवण्याचा फासा. वीस बाजूंचा फासा थांबतो तो विसावर. आता टेबल नाचतंय आणि तुम्ही म्हणताय, "तरी राजा देत नाही." खरं घोडं पेंड खातं ते इथे. नियम तुमच्या बाजूने आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत वीस पडले की हमखास यश हे हल्ल्याच्या रोलसाठी (फासा टाकण्यासाठी) आहे, कौशल्याच्या रोलला ते लागू नाही. पण नियम दाखवून खेळाडूच्या मनातली फसवलं गेल्याची भावना जात नाही. तुम्ही त्याला फासा टाकायला सांगितलंत, म्हणजे शक्यता आहे असं सांगितलंत.

फासा हातातून सुटण्याआधी दोन वाक्यं बोला. "राज्य तो देणार नाहीच. चांगलं पडलं तर तुझ्या धिटाईवर खूश होऊन एखादी जहागीर देईल, वाईट पडलं तर रात्र कोठडीत." आता खेळाडू ठरवेल, टाकायचा की नाही. बऱ्याचदा तो म्हणतो, "नको नको, मग मी वेगळं काही मागतो," आणि भांडण जन्मायच्या आधीच संपतं.

ही वाटणी मला सर्वांत स्वच्छ दिसली ती ब्लेड्स इन द डार्क या २०१७ च्या खेळात. तिथे कोणतं कौशल्य वापरायचं हे खेळाडू ठरवतो. धोका किती आणि त्यातून पदरात किती पडेल हे जीएम (तिथला डीएम) ठरवतो, पण फासा पडायच्या आधी आणि मोठ्याने सांगून. खेळाडूला ते पटलं नाही तर तो बेत बदलू शकतो. तुमचा खेळ कोणताही असो, ही एक सवय उचलून आणा.

याचीच एक छुपी बहीण आहे: एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा रोल मागणं. रॉगला कौशल्याचे +५ आहेत, डीसी १५, म्हणजे दहा किंवा जास्त पडायला हवेत, यशाची शक्यता ५५ टक्के. अंगण ओलांडायला तुम्ही फाटकापाशी एक, विहिरीपाशी एक, दारापाशी एक असे तीन रोल मागितलेत आणि तिन्ही जमायला हवे असतील, तर शक्यता उरते सुमारे १७ टक्के. तोंडाने तुम्ही "जमेल" म्हणालात, गणिताने "नाही" म्हणालात. एक अंगण, एक रोल.

सगळ्याला "हो" म्हणणं

जकातीच्या प्रकरणानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. जो जे वांछील तो ते लाहो! एकाला पहिल्याच लेव्हलला उडणारं कॅरेक्टर हवं होतं, दिलं. दुसरीला बोलणारी तलवार हवी होती, दिली. तिसऱ्याने चार पानांची बॅकस्टोरी आणली, त्यातला हरवलेला भाऊ मी कॅम्पेनचा (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीचा) खलनायक केला. दोन महिन्यांत अशी अवस्था झाली की दरी आली की उडणारा एकटा पलीकडे, बाकीचे अलीकडे उभे. संभाषण आलं की तलवारच बोलणार. आणि आमची पॅलादिन (धर्मयोद्धा), जिने काहीच मागितलं नव्हतं, ती दर सेशनला सहा सेकंदांचा एक वार करून परत शांत बसायची.

प्रत्येक "हो" दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जातो, हे तिने एकदा घरी जाताना चपला घालता घालता सांगितलं. तिने शब्द वेगळे वापरले होते: "माझं काही असतं का रे या गोष्टीत?"

तेव्हापासून मागणी आली की मी लगेच होय-नाही करत नाही. विचारतो, "यातून तुला काय करायला मिळावं असं वाटतंय?" उडणाऱ्याला मुळात सगळ्यांच्या आधी पुढचं पाहून यायचं होतं. त्याला पंख नसते दिले आणि एक ससाणा दिला असता तरी तो तेवढाच खूश झाला असता. (आता ससाणा आहे. पंखांचं काय झालं, ती वेगळी दुःखद कथा.) मागणीच्या पोटात काय आहे हे कळलं की तीनातल्या दोन वेळा त्याहून स्वस्त काहीतरी सापडतं.

टेबलावरचं भांडण ड्रॅगनकरवी मिटवणं

"माझं कॅरेक्टर असंच वागेल" म्हणत कुणी सोबत्यांचे खिसे कापू लागला, तर त्याच्या डोक्यावर वीज पाडायचा मोह होतो. पाडू नका. तो खेळाडू त्याला आव्हान समजेल, आणि बाकीच्यांना कळेल की इथे न बोलता सूड घेतला जातो. चहाला थांबा, बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगा, "यार, तिला त्रास होतोय, हे थांबव."

पार्टीत आपसात चोरी-मारामारी चालेल का, कोणते विषय अजिबात नकोत, कोणते पडद्याआड चालतील, हे सेशन झीरोलाच (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीतच) विचारून घ्यावं. मित्रच तर आहोत, त्यात काय विचारायचं, असं आपल्याकडे हमखास म्हटलं जातं. मित्रांमध्येच माणूस संकोचाने गप्प बसतो.

मध्येच लक्षात आलं की आपलं चुकलंय, तर

खेळ थांबवून कबूल करा. "थांबा, हे मी रेटतोय," एवढं पुरतं. डीएमचा मान त्याने जात नाही. पार्टी खिडकीबाहेर उडी मारते आणि खिडकीबाहेर काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं, तेव्हाही तेच: "मला दहा मिनिटं द्या." भजी मागवा.

जकातीच्या पुढच्या रविवारी मी तेच केलं. सांगितलं की पाचशे हा आकडा मी ऐन वेळी फुगवला, पन्नासच होते, तुम्हाला हवं तर वेशीपासून पुन्हा सुरू करू. एकमताने पुन्हा वेशीवर. पन्नास भरले. कारकुनाने जाड वही उघडली आणि नोंद केली: पेटी एक, कुलूपबंद, मुक्काम नदीकाठची खानावळ. रॉगने खोटं नाव सांगितलं. विझार्डने सवयीने खरं, घराण्यासकट.

दोन दिवसांत पेटीचा पत्ता अख्ख्या बंदराला ठाऊक झाला. मग वहीतलं ते पान फाडून आणण्यासाठी ते आपणहून त्याच भुयारात उतरले. सापळे कुठे आहेत हे खेळाडूंना माहीत होतं, कॅरेक्टरांना नव्हतं, यावर रॉग आणि पॅलादिन यांच्यात बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी मी म्हणालो, सापळे हलवलेत. या वेळी उतरायच्या आधी सांगतोय.