एमएसडब्ल्यू करून थेरपी करायचीय? मग नीट वाचा

दरवर्षी एमएसडब्ल्यूचा (मास्टर ऑफ सोशल वर्क, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) निकाल लागला की मला फोन येतात, ताई आता कॉलेज रोडला छोटी केबिन घेऊन काउन्सेलिंग सुरू करू का. मी म्हणते अजून नाही. कारण समोर येणारा माणूस खरंच खचलेला असतो, कर्जात अडकलेला निफाडचा बागायतदार असेल, बाळंतपणानंतर महिनाभर धड झोप न लागलेली बाई असेल, आणि एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत आपण केसवर्क (एकेका माणसाची अडचण समजून त्याला मदत करणं) शिकतो, थेरपीची फक्त तोंडओळख होते.

तर पहिली पायरी एमएसडब्ल्यू. नाशकात मविप्रचं समाजकार्य महाविद्यालय आहे, पुण्यात कर्वे, मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट) आणि निर्मला निकेतन. स्पेशलायझेशन मेडिकल अँड सायकियाट्रिकचं मिळालं तर तेच घ्या. फिल्डवर्कला हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र मागून घ्या, नाही म्हटले तरी पुन्हा मागा. आणि रेकॉर्डिंग, म्हणजे फिल्डवर्कचा लेखी अहवाल, प्लीज मैत्रिणीचं बघून लिहू नका. पेशंट काय बोलला, मी काय बोलले, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं, हे जसंच्या तसं लिहायचं आणि आयसीला (वैयक्तिक चर्चेच्या तासाला) सरांसमोर ठेवायचं, थेरपिस्ट घडायची सुरुवात तिथूनच होते.

दुसरी पायरी सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं एमफिल, दोन वर्षं फुल टाइम. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी, तेजपूरची संस्था, दिल्लीचं इहबास, या सगळ्या मानसोपचाराच्या मोठ्या संस्था. एन्ट्रन्स असते, सीट मोजक्या. इथे तुम्ही खरे पेशंट बघता, हिस्ट्री घेता, घरच्यांना बसवून फॅमिली थेरपी करता, ग्रुप घेता, आणि प्रत्येक केस सुपरव्हायझर सोलून काढतो. निम्हान्सला तर फॅमिली सायकियाट्रीसाठी वेगळं सेंटर आहे, अख्खं कुटुंब तिथे राहून उपचार घेतं. सोशल वर्करची थेरपी इथेच वेगळी पडते बघा, आपण एकट्या माणसाचं डोकं बघत नाही, त्याचं घर, पैसा, सासर, गाव सगळं सोबत घेऊन बसतो.

पण एक लक्षात ठेवा, एमफिल ही डिग्रीच देशभर बंद होतेय. यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच एमफिलना 2025-26 च्या प्रवेशापर्यंत मुदत दिली होती. त्यामुळे पुढे फॉर्म भरताना संस्थेच्या नोटिशीत पदवीचं नाव नीट वाचा आणि ती रजिस्ट्रेशनला चालते का हे लेखी विचारा.

आता लायसन्स. इथे लय गोंधळ आहे. आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नंबर हा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा, आपला नाही. आपल्यासाठी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्याच एमएसडब्ल्यू अधिक एमफिल अशी आहे (किंवा नियमांत सांगितलेली दुसरी मान्य पात्रता), आणि नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते. 2021 मध्ये अलाइड हेल्थचा (आरोग्यसेवेतल्या पूरक व्यावसायिकांचा) वेगळा कायदा आला, त्याच्या यादीत क्लिनिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर दोन्ही आहेत. नुसत्या 'काउन्सेलर' पाटीला कोणी अडवत नाही, म्हणून तर तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर लोक थेरपी करत बसलेत, आणि मला ते बघून मनापासून त्रास होतो.

अमेरिकेत जायचं असेल तर तिकडचं गणित वेगळं. तिथे एमएसडब्ल्यूमध्येच किमान 900 तास फिल्डवर्क, मग बऱ्याच राज्यांत साधारण 3000 तास सुपरव्हिजनखाली काम, मग क्लिनिकल परीक्षा, तेव्हा कुठे एलसीएसडब्ल्यू (क्लिनिकल सोशल वर्करचं लायसन्स) होतं आणि स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते. कॅलिफोर्नियात हे तास किमान 104 आठवड्यांत पसरलेले लागतात. आपली डिग्री आधी सीएसडब्ल्यूईकडून (तिकडची समाजकार्य शिक्षणाची परिषद) तपासून घ्यावी लागते. म्हणजे डिग्रीनंतरही दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी नजरेखाली, आपल्याकडे हे सक्तीचं नाही म्हणून ते आपणच स्वतःवर लादून घ्यायचं असं माझं ठाम मत. नाशकात सुपरव्हायझर नाही सापडला तर पुण्या-मुंबईचा ऑनलाइन धरा, फी द्या, पण एकटे बसू नका.

सुरुवातीला नोकरी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकियाट्रिक सोशल वर्करची पोस्ट असते, पगारापेक्षा तिथे सुरगाणा-पेठपासूनची जी माणसं भेटतात ना, ती कुठल्याच कोर्समध्ये भेटणार नाहीत.

आणि स्वतःचं सुरू कराल तेव्हा आधी एवढं करा. गोपनीयता कुठे संपते हे पहिल्याच भेटीत सांगा, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याखाली कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, तिथे 'मी कोणाला सांगणार नाही' असा शब्द देऊन बसू नका. औषधं आपण लिहीत नाही, त्यामुळे जवळच्या एका सायकियाट्रिस्टशी आधीच बोलून ठेवा, आणि त्यांचा नंबर व टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 टेबलावर दिसेल असा लावा, पहिला क्लायंट यायच्या आधी.