फायबरच्या क्लीव्हरची आणि कापण्याच्या इतर हत्यारांची निगा

ऑप्टिकल फायबरची टोके वितळवून जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनने काप तिरपा आल्याची सूचना दिली की बहुतेक जण लगेच क्लीव्हरचे, म्हणजे फायबरचे टोक सरळ कापणाऱ्या हत्याराचे, ब्लेड फिरवतात. माझ्या अनुभवात दोष बहुधा ब्लेडचा नसून धुळीचा असतो. मराठवाड्यात अनेकदा रस्त्याकडेच्या चारीच्या काठावर बसूनच जॉइंट करावा लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत काळ्या मातीची पिठासारखी धूळ उघड्या हत्यारांवर सतत बसत राहते. फायबरवरचे प्लास्टिकचे कोटिंग काढल्यावर काचेचा व्यास केवळ 125 मायक्रॉन उरतो, त्यामुळे रबरी पॅडखाली एखादा कण अडकला तरी फायबर तिरपे बसते.

सेलूजवळच्या एका जॉइंटवर लागोपाठ तीन फायबरच्या कापाचा कोन 3 अंशांच्या आसपास येत होता. ब्लेड फिरवण्यासाठी मी स्क्रूला हात घातलाच होता, तेवढ्यात उन्हात क्लीव्हर तिरका धरून पाहिला, तर डाव्या पॅडवर कोटिंगचा चिकट पापुद्रा दिसला. तो पुसल्यावर पुढचा काप अर्ध्या अंशाच्या आत आला.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आणि नंतर केबलमधील फायबरची प्रत्येक ट्यूब संपल्यावर क्लीव्हर स्वच्छ करावा. धागे न सुटणाऱ्या काडीला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आधी फायबर बसण्याची खाच, मग दोन्ही बाजूंचे रबरी पॅड आणि शेवटी ब्लेडची धार पुसावी. धारेवरून काडी हलक्या हाताने आणि धारेच्या दिशेनेच फिरवावी; धारेला बोट किंवा धातूची वस्तू कधीही लावू नये. तोंडाने फुंकर मारल्यास वाफेचा ओलावा बसतो, त्यामुळे रबरी फुग्याचा ब्लोअर जवळ ठेवावा. जखमेवर लावण्याच्या स्पिरिटमध्ये पाणी बरेच असते, ते येथे चालत नाही.

स्वच्छ करूनही दोन-तीन काप खराब आले, तरच ब्लेड फिरवून त्यावरच्या पुढच्या अंकावर न्यावे. अनेक क्लीव्हरमध्ये गोल ब्लेडवर अशा अंकांच्या 16 जागा असतात आणि प्रत्येक जागा हजारो काप देते, म्हणून घाईने फिरवलेला प्रत्येक अंक म्हणजे वाया गेलेली धार होय. फिरवल्याची तारीख आणि अंक पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावेत. सर्व अंक संपल्यावर ब्लेडची उंची वाढवता येते, परंतु ते काम त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच करावे, कारण ब्लेड प्रमाणाबाहेर वर आल्यास काचेवर खोल ओरखडा उमटून टोकाचा टवका उडतो.

कोटिंग सोलणाऱ्या स्ट्रिपरची निगा सोपी आहे: छिद्रांत अडकलेले कोटिंग मऊ ब्रशने काढावे, कारखान्यात लावून दिलेल्या स्क्रूला हात लावू नये आणि तांब्याची तार त्याने सोलू नये. केवलारच्या कात्रीने फक्त केवलारच, म्हणजे केबलमधील मजबूत धागेच, कापावेत. घरापर्यंत जाणाऱ्या ड्रॉप केबलमधील स्टीलची तार तिने एकदा जरी कापली तरी धारेला खाच पडते आणि नंतर धागे न कापता नुसते दुमडतात. त्या तारेसाठी वेगळी कटिंग पक्कड ठेवावी.

कापलेले काचेचे तुकडे झाकणाच्या डब्यातच टाकावेत. आपल्याकडे चारीच्या पलीकडे लगेच कुणाचे तरी शेत असते आणि तिथे माणसे अनवाणी चालतात.