एसटीची फेरी मागायला जाण्याआधी

वाडीला एसटी हवी असेल तर आगारात जाण्याआधी महिनाभर तयारी करा. पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीचा पहिला अर्ज दोन ओळींचा होता. 'प्रवासी अपुरे' असा शेरा मारून तो परत आला. प्रवासी होते, पण कागदावर नव्हते.

आधी लोकसंख्या घ्या, आणि इथे घाई करू नका. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ३ हजार ७४१ भरली. त्यात तुमचं महसुली गाव एका ओळीत सापडेल. पण डोंगरात गाव एका जागी नसतं. ओढ्याच्या अल्याड गावठाण, पल्याड दोन वाड्या, वर धनगरवाडा, आणि आकडा सगळ्यांचा मिळून एकच. गाडी गावठाणात येत असली की जनगणनेच्या सोयींच्या तक्त्यात अख्ख्या गावाला बसची सोय 'आहे'. नसली, तर बस पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे, एवढीच नोंद. डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन चढणीचे तीन किलोमीटर येणारी बाई त्या रकान्यात दिसत नाही.

म्हणून वाडीवार मोजणी आपणच करायची. अंगणवाडीताई आणि आशाताईंकडे घरोघरच्या नोंदी असतात, त्यांना बरोबर घ्या. मुंबईला माथाडीत असलेली माणसं वेगळ्या रकान्यात लिहा. ती रेशनकार्डावर आहेत, पण रोज गाडीत बसणार नाहीत. गणपतीला आणि जत्रेला मात्र एकदम येतात, तेव्हाच्या जादा गाडीसाठी हा रकाना लागेल. आकडा फुगवू नका.

यानंतरची यादी जास्त महत्त्वाची, कारण आगार लोकसंख्येपेक्षा भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, बघतं. कोण, कुठे, किती वाजता जातं ते लिहा: हायस्कूलची मुलं, बाजाराच्या दिवशी जाणाऱ्या बाया, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं. आठवडाभर फाट्यावर उभं राहून वडापमध्ये, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या खाजगी जीपमध्ये, किती जण बसतात ते मोजा. प्रवासी आहेत याचा याहून चांगला पुरावा आम्हाला मिळाला नाही. सवलतवाल्यांना गाळू नका. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला देतं, म्हणून यातलं प्रत्येक माणूस भारमानात धरायलाच हवं, असं अर्जात स्पष्ट लिहा.

रस्त्याचा मार्ग क्रमांक जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून आणा. सगळ्यात अरुंद जागी रुंदी किती, मोऱ्या कशा आहेत, आणि मोठी गाडी वळवायला जागा कुठे आहे, ते टेप लावून मोजा. वळायची जागा कुणाच्या रानात येत असेल तर त्याची लेखी संमती आधीच घ्या. पावसाळ्यासाठी वेगळा शेवटचा थांबा सुचवा. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या. कोणत्या वळणावर माती येते ते गावाला माहीत असतं, आगाराला नसतं.

रस्ताच कच्चा असेल तर पहिला अर्ज रस्त्याचा करा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली तेव्हापासून तिचं माप महसुली गाव नसून वस्ती आहे. सर्वसाधारण भागात निकष ५०० लोकवस्तीचा होता. अडीचशेची सवलत डोंगरी राज्यांना, आदिवासी आणि वाळवंटी भागांना. आपल्या सह्याद्रीतल्या वाड्या त्यात बसत नव्हत्या. लहान वाडीला मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचीही चौकशी करावी लागते.

ग्रामसभेचा ठराव वाडीच्या नावानिशी घ्या, नुसत्या गावाच्या नावाने नको. वेळही त्यातच लिहा. आम्ही मुक्कामी गाडी मागितली: रात्री येऊन पहाटे निघणारी, म्हणजे शाळेची पोरं आणि दवाखान्याची माणसं दोन्ही साधतात. चालक-वाहकांच्या झोपायची, पाण्याची आणि संडासाची सोय गाव करील, हेही ठरावात हवं. एक प्रत आगारप्रमुखांना, एक विभाग नियंत्रकांना द्या. दोन्हीकडून शिक्क्याची पोहोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतीची गाडी पकडू नका.